कनकीवरचे पाणी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी मामाजींचे नाव सांगतो. आईवडिलांनी जन्म दिला, एकोडीच्या शाळेतल्या गुरुजींनी अक्षरे दिली, नागपूरच्या कॉलेजाने पदवी दिली. पण त्या पदवीचे करायचे काय, हे ज्यांनी दाखवले ते मामाजी. त्यांचे हे उपकार मी कधी हसतमुखाने घेतले नाहीत. जितकी वर्षे त्यांच्यासोबत काम केले तितकी वर्षे मी त्यांच्यावर जळत होतो. हे आधीच सांगितलेले बरे.

मामाजी कोणाचेच मामा नव्हते. कारखान्यात सगळे तसे म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

आमचा कारखाना भंडाऱ्याहून वैनगंगेच्या पलीकडे, कारधा गावाच्या अंगाला होता. टिनाची दोन शेडे, एक चिमणी आणि फाटकाशी वजनकाटा. भातगिरणीतून निघणारी तुटकी कणी, जिला आमच्याकडे कनकी म्हणतात, ती मोठ्या कढईत शिजवायची. मग त्या पेजेत मोड आणून वाळवलेल्या जवाची भरड, पाण्यात कालवून, घालायची. जवाच्या गुणाने ती पेज दोनेक तासांत गोड होते. ती गाळून आटवली की मधासारखा पाक तयार होई. तो बिस्किटांच्या आणि टॉनिकच्या कारखान्यांना जात असे.

या सगळ्यात अवघड गोष्ट एकच होती, पाणी. कमी पडले तर पेज घट्ट होते, ढवळणारा पंखा अडतो, तळ करपतो. जास्त झाले तर पेज छान सुटते, पण ते सारे पाणी नंतर आटवावे लागते आणि भट्टी दुप्पट भुसा खाते. शिवाय गाळल्यावर उरणारा चोथा जवळजवळ आपल्या वजनाएवढे पाणी पोटात धरून बसतो, त्याचाही हिशेब आधीच करावा लागतो.

आणीबाणी संपून एक-दोन वर्षे झाली होती. मी बी.एस्सी. होऊन केमिस्ट म्हणून तिथे लागलो, वर्षभराच्या कच्च्या नोकरीवर. काम पसंत पडले तर दिवाळीनंतर कायम करणार होते. आमच्या घराण्यात पगारावर जगणारा मी पहिलाच होतो. धाकट्या भावाचे शिक्षण आणि बहिणीचे लग्न माझ्या कायम होण्यावर अडले होते.

पहिल्या दिवशी कारखान्याच्या मालकांनी, शेठजींनी, मला शेडमध्ये नेले. कढईजवळ एक बारकासा, साठीकडे झुकलेला माणूस उभा होता. धोतर गुडघ्यापर्यंत, अंगात बंडी, हातात बांबूची काठी.

"ये अपने नये केमिस्ट साहब हैं," शेठजी त्यांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "और ये मामाजी. पानी का इनसे पूछ लेना."

म्हणजे मी, विद्यापीठाचा पदवीधर, या माणसाला पाणी विचारणार. माझ्या जळण्याची सुरुवात तिथेच झाली.

मामाजींची पद्धत अशी होती. पोते सोडले की कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मग तीन दाणे पुढच्या दातांनी फोडायचे, तीनच, आणि चावताना कोणी बोलले तर थुंकून पुन्हा तीन घ्यायचे. नंतर काठी कढईत उभी करून तिला एका ठिकाणी मुठीत धरायचे आणि टाकीचा कॉक सोडायचे. पाणी मुठीला टेकले की बंद. काठीवर एकही खूण नव्हती.

मी म्हणालो, "मामाजी, खुणा करून घ्या ना."

"खुना केल्या का काठीच मालक होते जी. मंग मी काय करू?"

"पण किती लिटर ते तरी सांगा."

"पुरते तेवढं."

"आकडा, मामाजी."

"आकडा कनकीले विचारा. मी बी तिलेच विचारून राहिलो."

भट्टीवरची माणसे हसली. मामाजी हसले नाहीत. ते चेष्टा करत नव्हते, हेच मला जास्त झोंबले.

त्यांचे घर भंडाऱ्यात विणकरांच्या मोहल्ल्यात होते. घरी पिढ्यान् पिढ्या माग चालत. तरणेपणी त्यांच्याकडे खळ शिजवण्याचे काम होते. माग लावण्याआधी उभ्या सुताला तांदळाची खळ पाजावी लागते. पातळ झाली तर सूत तुटते, घट्ट झाली तर धाग्याला धागा चिकटतो. तिथे त्यांचा हात बसला. पुढे घरातले माग कमी झाले, आणि तो हात कारखान्यात आला.

ते रोज सायकल घेऊन येत, पण सायकलवर बसून आलेले त्यांना कोणी पाहिले नाही. हँडलला डबा, कॅरियरवर घोंगडी, आणि स्वतः बाजूने चालत पूल ओलांडायचे. "काहून बसत नाही?" म्हणून विचारले तर म्हणत, "ते सामानासाठी हाये." दुसऱ्याच्या घरी भात खात नसत, शिजताना पाहिला असेल तरच खात. मऊ भात समोर आला तर ताट सरकवून शांतपणे म्हणायचे, "हे सुताले लावा." मला नावाने त्यांनी एकदाही हाक मारली नाही. "का जी बीएस्सी" म्हणायचे. त्यात आदर किती आणि थट्टा किती, याचा मी कितीतरी दुपारी विचार केला आहे.

वैशाखात माझ्या बहिणीचे लग्न आमच्या गावी, एकोडीला झाले. शेठजींनी उचल दिली, म्हणून ते एकदाचे पार पडले. कारखान्यातली सात-आठ माणसे आली होती. मी नवी पँट घालून पाहुण्यांत मिरवत होतो. बाबांनी प्रत्येकाला सांगितले होते की पोरगा कारखान्यात साहेब आहे.

मामाजी मांडवात आले ते थेट चुलवणाकडे गेले. साकोलीहून आणलेला आचारी मोठमोठ्या गंजांत आधण ठेवत होता. मामाजींनी सुपातला दाणा तोंडात टाकला.

"तांदूळ घरचा हाये का?"

"घरचाच," बाबा म्हणाले. "औंदाचा."

"मंग एवढं पानी कायले? हा आचारी दुकानातला जुना तांदूळ शिजवनारा हाये. प्रत्येक गंजातून दोन बादल्या काढा. नवा तांदूळ कमी पेते."

आचारी भांडायला उठला. बाबांनी मात्र मुकाट बादल्या काढायला लावल्या. भात असा उतरला की जेवणारे पंगतीतून उठता उठता भाताबद्दल बोलत होते. वरपक्षाच्या एका म्हाताऱ्याने तर बाबांना हात जोडले.

संध्याकाळपर्यंत बाबा मामाजींच्या शेजारी बसून होते. दोघे धानाच्या जातींवर बोलत होते, तळ्याच्या पाण्यावर, बांध्यांवर. माझे वडील माझ्याशी इतका वेळ कधी बोलले नव्हते. मी शिकायला गेलो तेव्हापासून ते माझ्यासमोर थोडे बुजतच. मी जवळ गेलो तर बाबा म्हणाले, "याहिच्यापाशी शीक रे बापू. लय मोठा मानूस हाये."

मी नागपुरात चार वर्षे खोलीवर हाताने स्वयंपाक करून शिकलो. बाबांनी त्यासाठी बैलजोडी मोडली. आणि माझ्या बहिणीच्या लग्नात मोठा माणूस ठरला तो सायकल हातात धरून चालणारा एक इसम. मी इतका धुमसत होतो की नव्या आणि जुन्या तांदळाबद्दल जे बोलणे झाले, ते कानावर पडूनही मनात उतरले नाही.

खरे म्हणजे तोवर मी माझा उद्योग सुरू केलेला होता. पाण्याच्या टाकीला बाहेरून एक काचेची नळी होती, आतली पातळी दाखवणारी. मी तिच्यामागे कागदाची पट्टी चिकटवून लिटरच्या खुणा केल्या. मामाजी कॉक सोडत तेव्हा मी काही निमित्ताने टाकीपाशी उभा राहायचो, आधीचा आणि नंतरचा आकडा पाहायचो आणि वहीत लिहायचो. माघापासून ज्येष्ठापर्यंत एकही घाणी, म्हणजे एका वेळी शिजणारी कढई, सोडली नाही. मग पुस्तके काढली. कनकी किती, भरड किती, चोथ्यात अडकणारे पाणी किती, वाफेने जाणारे किती, असे सगळे मांडले. माझे गणित आणि मामाजींची काठी जवळजवळ जुळत होती. किलोला तीन लिटर आणि वर थोडे.

आज मी हे नीट सांगू शकतो. मी उत्तर आधी पाहून घेतले होते आणि मग त्याला जुळेल असे गणित बसवले होते. तेव्हा मात्र मला वाटले, गणित माझे आहे.

आषाढात मी शेठजींना तक्ता दिला. एका बाजूला कनकीचे किलो, समोर पाण्याचे लिटर. खाली माझी सही, सहीखाली बी.एस्सी. शेठजी खूश झाले. तक्ता काचेत बसवून कढईशेजारी टांगला गेला आणि मामाजींना फाटकावर, पोती मोजायला बसवले. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, हात धुतले आणि गेले. मी त्या दिवशी दोन चहा प्यायलो.

दोन महिने तक्ता चालला. पेज अधूनमधून घट्ट होई, तेव्हा मी पंख्याच्या पट्ट्याला दोष देत असे.

भाद्रपदात एका सकाळी मामाजी फाटकावरून शेडच्या दारापर्यंत आले. आत आले नाहीत.

"बीएस्सी, आजची कनकी परसालच्या धानाची हाये. व्यापाऱ्यानं कोठार खाली केलं दिसते. पानी वाढवून घ्या."

चार माणसे ऐकत होती. मी वहीतून डोके वर न काढता म्हणालो, "तक्ता आहे मामाजी."

"होय जी," ते म्हणाले आणि परत गेले.

जुना तांदूळ जास्त पाणी पितो. माझ्या आईला हे ठाऊक होते. आजीला ठाऊक होते. भंडारा जिल्ह्यात चुलीसमोर बसलेल्या कोणत्याही बाईला ठाऊक आहे. धानाच्या घरात जन्मलेल्या मला ते ठाऊक नसेल, असे कसे म्हणू? पण ते घरचे होते, आणि मी कारखान्यात उभा होतो. घरचे शहाणपण शिक्षणाच्या आड येते, असे मला कुठेतरी वाटत असावे.

दुपारी पंखा कण्हू लागला, मग पट्टा घसरला. मी पाणी सोडायला धावलो तोवर करपलेला वास पुलापर्यंत गेला असेल. सगळी घाणी काळी झाली. कढईच्या तळाला चार बोटे जाड खरपुडी धरली.

शेठजी आले. नाकाला रुमाल, समोर मी. कायम होणे तर गेलेच, पण बाबांना काय तोंड दाखवू, हे डोक्यात फिरत होते. शेठजींनी मामाजींना बोलावले. मामाजींनी पोत्यात हात घातला, तीन दाणे फोडले.

"चार्ट गलत है क्या?" शेठजींनी विचारले.

मामाजी माझ्याकडे पाहत नव्हते. "मी सकाळीच सांगितले होते" एवढे चार शब्द बोलले असते तर माझी नोकरी त्याच दिवशी संपली असती. चार साक्षीदार तिथेच उभे होते.

"गलत नाही जी," ते म्हणाले. "अर्धा हाये. यात नव्या कनकीचे महिने हायेत. जुनीचे लिहाचे राहिले. लिहून घेतील बीएस्सी. होनारा पोरगा हाये."

शेठजींनी तक्त्याकडे बोट केले. "पूरा करो," म्हणाले आणि निघून गेले.

कढई खरवडायला आम्हाला दोन दिवस लागले. मामाजी आणि मी आत उतरून छिन्नीने तळ ठोकत होतो. दुसऱ्या दिवशी मला राहवले नाही.

"तुम्ही सकाळचं का नाही सांगितलं शेठजींना?"

"सांगून काय भेटलं असतं? कढई त खरवडाच लागली असती."

त्यांनी खरपुडीचा एक तुकडा उपटून बाहेर टाकला. मग तेच म्हणाले, "टाकीपाशी उभे राहत होते ना तुमी, वही घेऊन. तवा मी कॉक हळूहळू सोडो. तुमाले आकडा नीट दिसावा म्हून."

मी छिन्नी खाली ठेवली. त्यांना सगळे ठाऊक होते. माझी चोरी त्यांनी चोरी होऊ दिली नव्हती. मी लपूनछपून घेत होतो आणि ते समोरून देत होते. मला कृतज्ञ वाटायला हवे होते. वाटले ते वेगळेच. निदान एवढे तरी माझे असावे, असे वाटले. निदान चोरी तरी.

त्यानंतर मामाजी फाटकावरून पुन्हा कढईपाशी आले आणि वर्षभर त्यांनी मला शिकवले. कनकी दातांत कडकन फुटली तर जुनी, दबून फुटली तर नवी. पोत्याच्या मध्यभागी हात गार लागला तर ओल आहे, पाणी कमी करा. उसन्या, म्हणजे धान उकडून काढलेल्या, तांदळाची कनकी मिसळलेली असेल तर दाणा पिवळट आणि काचेसारखा दिसतो, त्याला पाणी आणि वेळ दोन्ही जास्त. जवाची भरड घालताना पेजेत बोट बुडवायचे. "एक, दोन" म्हणेपर्यंत सोसले आणि तीनला काढावे लागले, की योग्य ऊन. मी प्रत्येक वेळी थर्मामीटर लावून पाहत असे, पासष्टच्या आसपास निघे. मी ते सगळे लिटरमध्ये आणि अंशांत उतरवले. बारा महिन्यांचा तक्ता झाला, दाण्याच्या वयाचा वेगळा रकाना असलेला. खाली सही माझी होती. त्यांना फक्त स्वतःचे नाव लिहिता येई, पण मी त्यांना सही करा म्हणून म्हटलेच नाही.

मी कायम झालो. भाऊ कॉलेजात गेला. घरावर कौले चढली. आणि तरीही पोते सुटले की माणसे आधी मामाजींच्या तोंडाकडे पाहत, मग माझ्या तक्त्याकडे. मी पोत्यात हात घालत असे, डोळेही मिटत असे. मला हाताला कनकी लागे, एवढेच. त्यांना काय लागत होते, ते मला आजही ठाऊक नाही.

दोन वर्षांनी एका दुपारी शेठजींनी मला आत बोलावले. काम मंद होते. माणसे कमी करायची होती.

"मामाजी को अब रखना जरूरी है क्या? चार्ट तो है."

एका शब्दाचे काम होते. मी म्हणालो, "तक्ता पुरेसा आहे, शेठजी."

नारळ आणि शाल देऊन त्यांना निरोप दिला. भट्टीवरची माणसे त्यांच्यासोबत पुलापर्यंत चालत गेली, एकाने सायकल धरली होती. मी शेडच्या दारातून पाहत होतो. मला दुःख झाले, असे इथे लिहिणे सोपे आहे. पण त्या क्षणी मनात आले ते हे, की मी जाईन तेव्हा पुलापर्यंत कोण येईल.

त्या तक्त्याच्या बळावर पुढे मला परजिल्ह्यातल्या एका मोठ्या कारखान्यात जागा मिळाली. तिथे एका रविवारी बसून मी मामाजींना पत्र लिहिले. पाठवण्याआधी वहीत उतरवून ठेवले होते. तेच जसेच्या तसे देतो.

तीर्थस्वरूप मामाजी यांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र तुमची नात वाचून दाखवील. तिला सांगा, मोठ्याने वाच आणि घरच्यांनाही ऐकू दे.

तुम्हाला कामावरून कमी केले ते काम मंद होते म्हणून, असे तुम्हाला सांगितले गेले. ते अर्धेच खरे आहे. शेठजींनी मला विचारले होते. मी तक्ता पुरेसा आहे म्हणालो. तो पुरेसा नाही, हे मला तेव्हाही माहीत होते. मी तसे म्हणालो, कारण तुम्ही असेपर्यंत मला कोणी काही विचारत नव्हते. तक्त्यावर माझी सही आहे, त्यातला एकही आकडा माझा नाही. हे मी काल शेठजींनाही लिहून कळवले आहे, आणि इथल्या साहेबांनाही सांगितले आहे.

आता कामाचे. इथे कनकी नाही, मका आहे. मक्याला पाणी किती, ते मी तीनदा मांडले. तीन वेगळी उत्तरे आली. पुस्तकात चौथे आहे. मी पोत्यात हात घालून पाहिला, काही कळले नाही. तुम्ही मका कधी शिजवला नसेल, पण हात घातल्यावर तुम्हाला कळेल असे मला वाटते.

साहेब तुम्हाला कामावर घ्यायला तयार आहेत. राहायला माझी खोली आहे. भात तुमच्यासमोर शिजवू, पाणी तुम्हीच घाला. भंडाऱ्याच्या स्टँडवर सकाळची गाडी मिळते, मी इथे उतरवून घ्यायला उभा राहीन.

तुम्ही आलात की इथेही सगळे तुम्हालाच विचारतील. पंधरा दिवसांत माझ्याकडे कोणी पाहणार नाही, हे मला आत्ताच दिसते आहे, आणि ते मला मुळीच आवडणार नाही.

तरी या.